जिन्याकडे जाणारी अट्रॅक्टा

दुभाष्यानं कामावर ऐकलेलं-पाहिलेलं बाहेर बोलायचं नसतं. चोवीस वर्षं मी हा नियम पाळत आले. ही हकिकत मात्र सांगतेय, कारण अट्रॅक्टा डर्कननं मला तशी परवानगी दिली. परवानगी कसली, हुकूमच दिला. "सगळ्यांना सांग," ती म्हणाली, "नावानिशी सांग. माझ्यासारख्या आणखी किती जणी कुठं कुठं बसल्या असतील, त्यांच्या घरच्यांच्या कानावर जाऊ दे. कान आहेत ना त्यांना!"

मी फिडेल्मा टॅन्सी. माझी आई ऐकणारी, वडील बहिरे. स्लायगोत ते जोडे शिवायचे. आई दुकानाच्या पुढच्या भागात गिऱ्हाइकांशी बोलायची आणि मागच्या खोलीत, चामड्याच्या वासात, बाबा आणि मी हातांनी बोलायचो. खुणांची भाषा मी त्यांच्याकडूनच शिकले, पुढं रीतसर परीक्षा देऊन दुभाषी झाले. समुद्रापासून शॅनन नदीपर्यंतच्या आमच्या भागात हे काम करणाऱ्या तेव्हा आम्ही दोघीच होतो. त्यामुळं फोन वाजला की माणूस कुठल्या तरी अडचणीत आहे हे न सांगता कळायचं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी असाच फोन आला. घरापासून चाळीस मिनिटांवरच्या एका वृद्धाश्रमातली मुख्य नर्स बोलत होती. ब्लेसी तिचं नाव. मूळची केरळची, पण अठरा वर्षं इथं काढल्यामुळं तिचं बोलणं पुरतं स्लायगोचं झालेलं.

"आमच्याकडं एक आजी आहेत," ती म्हणाली. "चौऱ्याऐंशी वर्षांच्या, जन्मापासून बहिऱ्या. शेतावर पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि हॉस्पिटलातून सरळ आमच्याकडं आल्या. येत्या गुरुवारी डॉक्टरीणबाई त्यांची स्मरणशक्ती तपासायला येणार आहेत. त्यात कमी भरल्या तर त्यांना कुलूपबंद विभागात हलवतील. तोही इथं नाही, पार पलीकडच्या गावात."

"आजवर त्यांच्याशी बोलायला कोण येत होतं?"

"पुतण्या येतो. खुणा त्याला येत नाहीत, हातवारे करतो आणि आम्हाला सांगतो. आमच्या वहीत रोज लिहिलं जातं. गोंधळलेल्या आहेत, टेबल आपटतात, गोळ्या थुंकतात, सारख्या जिन्याकडं जातात. काल मी ती वही पहिल्यापासून वाचून काढली. सहा महिने झाले, फिडेल्मा. सहा महिन्यांत आमच्यापैकी एकानंही त्या बाईशी एक पुरं वाक्य बोललेलं नाही. मग गोंधळलेलं कोण, त्या की आम्ही?"

हा प्रश्न स्वतःला विचारणारी नर्स मला तोवर भेटली नव्हती. मी दुसरं एक काम पुढं ढकललं आणि हो म्हणाले.

गुरुवारी मी अर्धा तास आधीच पोचले. अट्रॅक्टा खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. अंगानं बारीक, पाठ ताठ, निळ्या स्वेटरचं प्रत्येक बटण लावलेलं. मी आत शिरताच तिची नजर माझ्या चेहऱ्यावर न येता सरळ हातांवर गेली. बाबांचंही तसंच होतं. मी हात वर करून नाव सांगितलं, कशासाठी आले ते सांगितलं, बरं वाटतंय का विचारलं.

ती डोळे बारीक करून बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. हसत होती!

"काय झालं?" मी विचारलं.

"पुरुषासारखी बोलतेस," तिनं हातांनी सांगितलं आणि हनुवटीवरून तळवा ओढला. "दाढी कुठं ठेवलीस?"

एवढं मला समजलं. त्यापुढचं निम्मंही समजलं नाही.

ते का, हे सांगायला हवं. त्या काळी डब्लिनला बहिऱ्या मुलांची एक शाळा होती आणि मुलींची एक. मुलामुलींची एकमेकांशी गाठ पडू द्यायची नाही अशी शिस्त. त्यामुळं दोन्हीकडं खुणा वेगवेगळ्या वाढल्या. वार, रंग, महिने, घरातल्या वस्तू, कितीतरी शब्दांसाठी मुलांची खूण एक, मुलींची दुसरी. पुढं लग्न झालं की बाईनं नवऱ्याच्या खुणा उचलायच्या आणि स्वतःच्या सोडून द्यायच्या, असंच बहुतेक घरांत झालं. अट्रॅक्टानं लग्न केलं नाही. शाळा सुटली तशी ती शेतावर परतली, बार्टली नावाच्या तिच्या बिनलग्नाच्या भावाजवळ राहिली आणि तिच्या खुणा जशाच्या तशा राहिल्या. माझे हात बाबांचे. म्हणजे मुलांच्या शाळेचे.

डॉक्टर गिलमार्टिन वेळेवर आल्या. त्यांच्यामागून पुतण्या आला. काहल त्याचं नाव, टायरच्या दुकानाचा मालक, दारातून वाकून आत यावं लागेल एवढा उंच. "आत्या!" त्यानं मोठ्यानं हाक मारली आणि टॉफीचा डबा तिच्या मांडीवर ठेवला. तिनं डबा घेतला, त्याच्या गालाला हात लावला. माणूस वाईट नव्हता, हे मी तेव्हाच मनात नोंदवलं.

तपासणी सुरू झाली.

"आज कोणता वार?" डॉक्टरांनी विचारलं. मी खुणेनं विचारलं. अट्रॅक्टानं माझ्या खुणेकडं कपाळाला आठ्या घालून पाहिलं आणि दोन बोटं गालावरून हनुवटीपर्यंत ओढली. ही खूण मी जन्मात पाहिली नव्हती. मी बोटांनी अक्षरं काढून दाखवायला सांगितलं. तिनं प्रयत्न केला, पण सांधेदुखीनं वाकलेली बोटं ती. एक अक्षर दुसऱ्यात मिसळत होतं.

"काय म्हणाल्या?"

"एखादा वार म्हणाल्या. कोणता, ते मला कळलं नाही."

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग महिना विचारला. मग तीन वस्तूंची नावं लक्षात ठेवायला सांगितली. त्यातल्या दोन वस्तूंच्या माझ्या खुणा तिच्या ओळखीच्या नव्हत्या. ती माझ्या हातांकडं बघून खांदे उडवायची आणि डॉक्टरांचं पेन हलायचं.

"डॉक्टर, खरं सांगू का," काहल मध्येच म्हणाला, "ती काही सांगत नाहीये. हात नुसते हलवत राहते. आम्हाला सवय आहे. तुम्ही तसं लिहून टाका, म्हणजे तिलाही त्रास नको."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. "तुम्हाला जेवढं कळलं तेवढं सांगा, बाई. मला अजून दोन ठिकाणी जायचंय."

तेव्हा माझ्या मनात काय आलं ते लपवत नाही. अंदाजानं सांगता आलं असतं. चोवीस वर्षांच्या नावाचा प्रश्न होता, आणि खोलीत दुसऱ्या कुणाला काय कळणार होतं? पण अट्रॅक्टा माझ्याकडं बघत होती. सहा महिन्यांत तिच्याशी खुणांच्या भाषेत बोलू पाहणारी मी पहिलीच.

"थांबा," मी म्हणाले. "यांना प्रश्न पोचतच नाहीयेत, आणि यांची उत्तरं माझ्यापर्यंत येत नाहीयेत. यात त्यांचा दोष नाही, माझा आहे. कृपा करून आजची तपासणी धरू नका."

"तुम्हाला ही भाषा येते म्हणूनच बोलावलं ना?"

"येते. पण यांची येत नाही. यांच्या शाळेतली, यांच्याच वयाची बहिरी बाई मला शोधावी लागेल. ती मध्ये बसली तर होईल."

काहलनं हात झटकले. "म्हणजे दुभाषीला दुभाषी! मग तिला आणखी एक आणा!"

ब्लेसी दारात उभी होती, ती शांतपणे म्हणाली, "डॉक्टर, वहीत मी असंच लिहीन. तपासणी होऊ शकली नाही, कारण आपल्याकडं त्यांची भाषा नव्हती."

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "दोन आठवडे," त्या म्हणाल्या. "त्यापुढं तिकडची जागा कुणी धरून ठेवणार नाही."

मी निघाले तेव्हा अट्रॅक्टानं माझी बाही धरली. तिनं छताकडं बोट केलं, मग 'भाऊ' अशी खूण केली. ती खूण तेवढी दोन्ही शाळांची सारखीच. तिच्या चेहऱ्यावर प्रश्न होता. पुन्हा छत, पुन्हा भाऊ. पुढं तिचे हात इतक्या वेगानं चालले की माझ्या हाती काही लागलं नाही.

"भावाबद्दल काहीतरी विचारतात," मी काहलला म्हणाले.

त्याचा आवाज खाली आला. "बार्टलीकाका. ऑगस्टमध्ये वारले, ही हॉस्पिटलात असताना. झोपेतच गेले. हिला मी सांगितलंय तेव्हाच."

बिचारी भावासाठी झुरतेय, देवाघरी गेलेल्या माणसाकडं बोट करतेय, असं मी समजले. गाडी चालवताना वाईट वाटत राहिलं. आज त्या समजुतीची लाज वाटते.

पुढचे तीन दिवस मी फोनच्या पडद्यासमोर हात हलवत होते. डब्लिनचं मंडळ, गॉलवेचं मंडळ, बाबांचे जुने दोस्त. त्या वयाच्या बायका एकतर गेलेल्या, नाहीतर त्याही कुठल्या तरी आश्रमात. शेवटी लाँगफर्डच्या कन्सेप्टा फीनीचं नाव कळलं. वय एक्क्याऐंशी, शिवणकामातून निवृत्त, नवरा वारलेला. कोर्टात आणि हॉस्पिटलांत जुन्या बहिऱ्या माणसांसाठी मध्यस्थ म्हणून अनेकदा बसलेली. तिला दोन्हीकडच्या खुणा येत होत्या. नवऱ्याच्या खुणा शिकूनही तिनं आपल्या सोडल्या नव्हत्या.

"कोण? डर्कन?" पडद्यावर तिचे डोळे मोठे झाले. "स्लायगोची? लाल केसांची?"

"आता पांढरे आहेत."

"माझेही पांढरेच आहेत, वेडे! शिवणाच्या वर्गात माझ्यापुढं बसायची. माझी कात्री नेलीय तिनं. जिवंत आहे म्हणतेस?" मग तिनं अंगठा आणि बोटं झरझर चालवून एक आकडा दाखवला. त्या शाळेत मुलींना आकडे असत आणि मैत्रिणी एकमेकींना त्याच आकड्यानं हाक मारत. "विचार तिला, चौसष्ट का?"

"तुम्हीच येऊन विचारा," मी म्हणाले.

पुढच्या बुधवारी ती सकाळच्या गाडीनं आली. डोक्यावर गडद हिरवी टोपी, हातात चामड्याची पर्स, आणि फलाटावर उतरताच पहिला प्रश्न, "गाडीत चहा वाईट होता, तिथं बरा मिळेल ना?"

आश्रमात काहलही आला होता. ब्लेसीनं त्याला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. आम्ही खोलीत शिरलो. कन्सेप्टा दारातच थांबली, टोपी काढली आणि दोन्ही पाय जमिनीवर जोरात आपटले. लाकडी जमिनीतून हादरा गेला. अट्रॅक्टानं मान वळवली. कन्सेप्टानं आकडा दाखवला, चौसष्ट.

अट्रॅक्टा खुर्चीतून उठायलाच लागली. ब्लेसी धावली. पण तिला आधार नको होता, तिला हात मोकळे हवे होते. उत्तर म्हणून तिनं कन्सेप्टाचा आकडा दाखवला. सहासष्ट वर्षांनंतर! मग त्या दोघींचे हात असे सुटले की मी मध्ये पडायचा प्रयत्नच केला नाही. कन्सेप्टा कात्री मागत होती आणि अट्रॅक्टा शपथेवर सांगत होती की कात्री नन सिस्टरनं जप्त केली होती. मग मेलेल्या मैत्रिणी, जिवंत मैत्रिणी, कुणाचा नवरा दारू प्यायचा, कुणाला अकरा मुलं झाली. दारात दोन मदतनीस मुली येऊन उभ्या राहिल्या. त्यातली एक हळूच म्हणाली, "ह्या हसतात? मला माहीतच नव्हतं."

मी एवढंच करत होते, की कन्सेप्टा अधूनमधून मला माझ्या खुणांत सांगायची ते ब्लेसीला मोठ्यानं सांगायचं.

"ती म्हणते, टेबल आपटणं म्हणजे हाक मारणं. तुम्ही नाव घेऊन मारता, आम्ही लाकडावर मारतो. हिनं सहा महिने हाका मारल्या आणि तुम्ही टेबल लांब सरकवलं."

ब्लेसीनं खिशातून छोटी वही काढली.

"पांढऱ्या गोळ्या नोव्हेंबरात पिवळ्या झाल्या. का झाल्या ते कुणी सांगितलं नाही. न विचारता काही गिळायचं नाही, असं हिच्या आईनं शिकवलंय."

"कंपनी बदलली," ब्लेसी पुटपुटली. "औषध तेच आहे. अरे देवा, एवढंच सांगायचं होतं."

एवढ्यात अट्रॅक्टानं कन्सेप्टाचं मनगट धरलं. चेहरा गंभीर झाला. तिनं छताकडं बोट केलं आणि सावकाश, एकेक खूण सुटी करून सांगू लागली. कन्सेप्टानं माझ्याकडं वळून तेच सांगितलं आणि मी बोलले. दुभाष्यानं ऐकलं तसं बोलायचं असतं, म्हणून मी विचार न करता बोलले.

"यांना सांग, मला आता वर जाऊ द्या. माझा पाय बरा झालाय. जिना चढता येतो. बार्टली वरच्या मजल्यावर एकटा आहे. तो माझ्याशिवाय कुणाशी नीट बोलत नाही, जेवतो की नाही कुणास ठाऊक. सहा महिने झाले, तो खाली येत नाही, मला वर सोडत नाहीत. त्याचं काय बिघडलंय तेवढं तरी सांगा."



"वर?" ब्लेसी म्हणाली. "वर तर कपडे धुण्याची खोली आहे. आणि ऑफिस."

काहलचा चेहरा पांढरा पडला होता. तो पलंगाच्या कडेवर बसला. "मी लिहून दिलं होतं," तो म्हणाला. "हॉस्पिटलात. 'बार्टली वर गेला, आता सुखात आहे.' आणि बोट वर केलं. मेला असं लिहवेना मला. तिनं मान हलवली. रडली नाही. मला वाटलं, किती धीराची आहे. मग दुसऱ्याच आठवड्यात तिला इथं आणलं."

अट्रॅक्टा एकेकाच्या तोंडाकडं बघत होती. बहिऱ्या माणसाला चेहरे लवकर वाचता येतात. काहीतरी आहे हे तिला कळलं होतं, आणि आता लांबवण्यात अर्थ नव्हता.

"तुम्ही सांगायला हवं," मी काहलला म्हणाले. "तुम्ही बोला, आम्ही दोघी पोचवतो."

कन्सेप्टानं माझ्या खांद्यावर टकटक केली. "त्याला सांग, साधं बोल. झोपला नाही, गेला नाही, वर नाही. मेला म्हण. आणि बोट खाली ठेव."

काहल खुर्ची ओढून आत्यासमोर बसला. आम्ही त्याच्या दोन्ही बाजूंना. तो बोलला ते मी खुणेनं सांगितलं, कन्सेप्टानं ते तिच्या खुणांत घातलं.

"आत्या, बार्टलीकाका मेला. तुझं ऑपरेशन झालं त्याच्या पाचव्या दिवशी, पहाटे, घरी. हृदय बंद पडलं. आम्ही त्याला पुरलं, आजी-आजोबांच्या शेजारी. मी तुला नीट सांगितलं नाही. चूक माझी."

अट्रॅक्टानं कन्सेप्टाच्या हातांकडं पाहिलं, मग काहलच्या ओठांकडं, मग परत हातांकडं. तिनं ती खूण स्वतः करून पाहिली, मेला, जणू नीट पाहिलं ना याची खात्री करत होती. कन्सेप्टानं मान डोलावली.

तिच्या घशातून आवाज आला. मग तिनं तळहात टेबलावर आपटला, एकदा, दोनदा, आणि काहलकडं न बघता दाराकडं बोट केलं. तो उठून बाहेर गेला. कॉरिडॉरमध्ये त्याचं रडणं मला ऐकू येत होतं. तिला येत नव्हतं, आणि त्या वेळी ते बरंच होतं.

कन्सेप्टा तिच्याजवळ बसून राहिली. तासाभरानं अट्रॅक्टानं प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि काहलला परत आत बोलावलं. त्याला कुठला कोट घातला? तपकिरी. जपमाळ हातात दिली? दिली. कुत्रा कुणाकडं आहे? शेजारच्या मॅकगोल्ड्रिकांकडं, धष्टपुष्ट झालाय. गाई? आठ विकल्या, तीन ठेवल्यात.

"शेवटी माझ्याबद्दल विचारलं त्यानं?"

काहलनं नाक पुसलं. "रोज विचारायचा. मला तिच्याकडं ने म्हणायचा. हॉस्पिटलात साथ होती, कुणाला आत सोडत नव्हते; मलाही तो मेल्याचं सांगितल्यावरच सोडलं. मरायच्या आदल्या संध्याकाळी तो मला तुझ्या खुणा शिकवत होता. म्हणाला, मी नसलो तर तिच्याशी बोलणार कोण? मला तीनच लक्षात राहिल्या."

"दाखव."

त्या मोठ्या माणसानं अवघडत तीन खुणा केल्या. चहा. पाऊस. बहीण. अट्रॅक्टानं तिसऱ्या खुणेला त्याचा अंगठा धरून सरळ केला.

तपासणी त्यानंतरच्या आठवड्यात झाली. प्रश्न डॉक्टरांचे, ते माझ्याकडून कन्सेप्टाकडं, तिच्याकडून अट्रॅक्टाकडं, आणि उत्तरं त्याच वाटेनं उलटी. चाळीस मिनिटांच्या कामाला दोन तास लागले आणि मधे चहा झाला. अट्रॅक्टानं वार सांगितला, महिना सांगितला, तीन वस्तूंपैकी दोन आठवल्या, तिसरी आठवली नाही तेव्हा स्वतःवरच चिडली. शंभरातून सात-सात वजा करत जायचं गणित तिनं डॉक्टरांपेक्षा लवकर केलं.

डॉक्टर गिलमार्टिननी पेन बंद केलं. "वयाच्या मानानं उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "मन उदास आहे, ते असणारच. गेल्या दहा वर्षांत मी आणखी तीन बहिरी माणसं तपासली. तिघांच्याही वेळी घरचेच सांगत होते. त्यातले दोघं अजून हयात आहेत." त्यांनी माझा नंबर लिहून घेतला. त्या दोघांकडं आम्ही पुढं गेलो. एकाचा आजार खरा होता. दुसऱ्याचा नव्हता.

मार्चच्या अखेरीस गावच्या चर्चमध्ये बार्टलीसाठी पुन्हा मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी झाला. चर्च भरलं होतं. ऑगस्टमध्ये जे आले होते ते सगळे परत आले. फादर बोलत होते, मी आणि कन्सेप्टा वेदीच्या बाजूला उभ्या. शेवटी कबरीपाशी अट्रॅक्टा काठी काहलकडं देऊन एकटी उभी राहिली आणि तिनं प्रार्थना म्हटली, शाळेत शिकली होती तशी, दोन्ही हातांनी. वारा एवढा होता की फादरांचा आवाज मागच्या रांगेत पोचत नव्हता. तिची प्रार्थना मात्र शेवटच्या माणसापर्यंत दिसत होती. शेजारचे म्हातारे शेतकरी टोप्या छातीशी धरून बघत होते. त्यांच्यातला एकजण नंतर मला म्हणाला, "साठ वर्षं हिला गोठ्यात, बाजारात पाहतोय. ही एवढं बोलते हे बार्टलीनं कधी सांगितलं नाही आम्हाला."

"तुम्ही विचारलंत का?" कन्सेप्टानं माझ्या तोंडून विचारलं. तो हसला, लाजला, आणि अट्रॅक्टाशी हात मिळवायला गेला.

काहलला तिनं लगेच माफ केलं नाही. अट घातली, दर रविवारी यायचं, कागद-पेन आणायचं नाही, तीन गाईंची खबर हातांनीच सांगायची. पहिल्या रविवारी त्यानं एका गाईला वासरू झालं असं सांगायच्या नादात गाईला बूट झाला असं सांगितलं. अट्रॅक्टा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. आता त्याला शंभरेक खुणा येतात आणि टायरच्या दुकानात तो कामगारांना लांबूनच हातांनी सूचना देतो, असं ऐकलंय.

ब्लेसीनं वरच्या लोकांशी भांडून आठवड्यातून एक सकाळ माझ्यासाठी मिळवली. खोलीच्या दारावर बटण दाबलं की आत दिवा लागतो. जेवणाच्या टेबलावर अट्रॅक्टाला भिंतीकडं पाठ करून बसवतात, म्हणजे सगळ्यांचे चेहरे दिसतात. मंगळवारी दुपारी मदतनीस मुली तिच्याकडं खुणा शिकतात. ती कडक मास्तरीण आहे. हात आळसावून हलवला की बोटांवर चापट बसते. सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. एक नवी नर्स अजूनही तिच्या कानाशी ओरडते. आणि काही सकाळी मी जाते तेव्हा अट्रॅक्टाला बोलायचंच नसतं. ती खिडकीबाहेर बघत बसते, आणि मीही शेजारी बसते.

मे महिन्यात कन्सेप्टाच्या मंडळानं अट्रॅक्टाला चार दिवसांसाठी लाँगफर्डला बोलावलं. बहिऱ्या बायकांचा जुना मेळावा, नऊ जणी उरल्या होत्या. डॉक्टरांनी हो म्हटलं. काहलनं नवीन बॅग आणून दिली. रजा टाकून ब्लेसी सोबत निघाली. "चार दिवस मीच मुकी असणार, बघू कसं वाटतं," म्हणाली.

मी आणि काहल स्टेशनवर सोडायला गेलो. गाडीचं दार बंद झालं. शेजारच्या डब्यापाशी एक कुटुंब काचेला तोंड लावून ओरडत होतं आणि आतल्या मुलीला काही ऐकू येत नव्हतं. अट्रॅक्टा काचेपलीकडून निवांत बोलत होती. स्वेटर घेतलाय. सँडविच ब्लेसीकडं आहे. काळ्या गाईच्या पायाला मलम लावायला विसरू नकोस. काहल फलाटावरून उत्तरं देत होता, अडखळत, पण देत होता.

गाडी हलली. तो दोन पावलं सोबत चालला.

"काय म्हणाली शेवटी?" मी विचारलं. माझ्या बाजूनं खिडकीवर उजेड पडला होता, तिचे हात दिसले नव्हते.

"रविवारी येऊ नकोस म्हणाली," काहल म्हणाला. "तिला वेळ नाही."